खारीत सिमेंट

मला सिमेंटचा राग आहे. जिच्या नोकरीची सगळी वर्षं माती-सिमेंटचे ठोकळे पाडण्यात आणि फोडण्यात गेली, तिनं असं म्हणणं बरं दिसत नाही, पण आहे. कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले की लोक मला भिंती दाखवतात, स्लॅब दाखवतात, 'तुम्हाला यातलं कळतं' असं म्हणतात. मी मान डोलावते आणि पंगतीत जाऊन बसते. यातलं मला जे कळतं त्याचा कुणाला उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. माझ्या माहेरी तर नाहीच नाही.

माहेर भडगावच्या पलीकडचं, गिरणेच्या काठचं एक लहान खेडं. वडील गवंडी. त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आईला माय. थोरला भाऊ धुळ्याला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. मी लग्न होऊन जळगावला आले आणि तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, माती तपासायच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून चिकटले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रस्त्याखालच्या मातीत सिमेंट मिसळलं तर ती किती टणक होते, हे बघायचं तेव्हा आमच्याकडे वेड होतं. पोरं प्रोजेक्ट करायची आणि त्यांची घमेली मी धुवायची.

आबांनी आसपासच्या गावांत सिमेंटची कितीतरी कामं केली. शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, व्यापाऱ्यांच्या गाळ्यांचे ओटे. आमचं स्वतःचं घर मात्र मातीच्या भिंतींचं आणि वर धाबं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली लाकडं, त्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, त्यावर निंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर खारी. खारी ही पांढुरकी, खारट माती. आमच्याकडे नाल्याच्या काठाला मिळते, गुरं ती चाटत उभी राहतात. या मातीचा गुण असा की पाणी पडलं की ती फुगते, बुळबुळीत होते आणि आपल्या फटी आपणच बुजवते. खाली थेंब जाऊ देत नाही. एकच खोड, पावसानं थोडीथोडी वाहून जाते. म्हणून आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की दरसाल नवी खारी आणून टाकायची. त्या दिवसांत गावातली सगळी माणसं वर आणि गाव खाली रिकामं, असं असायचं. या धाब्यावरून त्या धाब्यावर भांडणं व्हायची, सोयरिकी जुळायच्या, तंबाखूची पुडी भिरकावली जायची.

मधल्या खोलीत मोठ्या तुळईला एक लोखंडी कडं होतं. भाऊचा पाळणा त्यालाच टांगला होता आणि नंतर माझाही. आखाजीला त्याच कड्याला झोका बांधायचे. आबांनी ते लाकडातून आरपार घालून वरच्या बाजूनं वाकवलं होतं, आणि त्यावर धाबं चढवलं होतं. छप्पर उघडल्याशिवाय ते निघणार नाही, असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. लहानपणी मी त्याला लोंबकळायची आणि माय ओरडायची.

एका उन्हाळ्यात खारीचं पोतं खांद्यावर घेऊन चढताना आबा शिडीवरून पडले. गुडघा कायमचा अधू झाला. भाऊ धुळ्याहून आला आणि म्हणाला, आता पुरे, दोघंही माझ्याकडे चला. तो वाईट बोलत नव्हता. पण माय चुलीपुढून उठलीच नाही.

"मी आठेच ऱ्हासू," ती म्हणाली. "पोर आखाजीले कोठे येई?"

पोर म्हणजे मी; आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. धुळ्याला ती एकदा राहून आली होती. तिथं दिवसभर दार लावून बसावं लागतं, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. आम्हांला ते हट्टाचं वाटलं. आता माझ्या ब्लॉकचं दार लावून मी दिवसच्या दिवस बसते, तेव्हा कळतं.

भाऊनं शेवटी अट घातली. दरसाल धाब्यावर चढायची भानगड मिटवा, मग इथं राहा, मी अडवणार नाही. गडी लावून खारी टाकून घ्यायला हरकत नव्हती. पण आबांच्या धाब्यावर दुसऱ्याचा पाय म्हणजे गवंड्यानं स्वतःच्या घरी गवंडी बोलावण्यासारखं. ते त्यांना झोंबलं. पक्का स्लॅब टाकावा तर खालच्या मातीच्या भिंतींना ते ओझं पेलणारं नव्हतं. मग त्यांनी विचार केला, आयुष्यभर ज्या सिमेंटच्या जोरावर लोकांची घरं उभी केली ते आपल्या खारीत का घालू नये. एकदाच काय ते करायचं, वाहून जायचं नाव नको.

काम त्यांनी अगदी मन लावून केलं. खारी चाळली, सिमेंट कोरडंच मिसळलं, मग बेताचं पाणी मारून चोपण्यानं चोपून बसवलं. वैशाखाच्या उन्हात थर तडकू नये म्हणून वर ओली पोती अंथरली आणि माय खालून पाण्याच्या कळशा देत राहिली. अधू पायानं ते बसून बसून, सरकत सरकत करत होते. त्या कामात कुणी बोट ठेवावं अशी एकही जागा नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर भाऊ म्हणायचा की आबांच्या हातून चूक झाली असेल, आता वय झालं. हातून काही झालेलं नव्हतं.

मी आखाजीला गेले तेव्हा पोती काढली होती. मला शिडीवर चढवलं आणि आबांनी टाच आपटून दाखवली. आवाज फरशीवर यावा तसा आला.

"दगड व्हई गया," ते म्हणाले. "आते दरसाल वर चढानी गरज नही."

मीही खूश झाले. लॅबमध्ये आम्ही नाना तऱ्हेची माती बघितली होती, काळी, तांबडी, मुरूम, नदीचा गाळ. खारी कुणी आणली नव्हती. कोण आणणार. रस्त्याला खारी लागत नाही आणि धाब्याला प्रोफेसर लागत नाहीत. माय खालून हसत होती. त्या दुपारी झोक्यावर मी बसले, लेकुरवाळी बाई असून, आणि तिनं मला झोका दिला. मला इतकं बरं पुन्हा कधी वाटलं नाही.

त्या साली पाऊस नावालाच झाला. सगळा खानदेश आभाळाकडे बघत होता आणि आमच्या घरात मात्र, सांगायला लाज वाटते, पाऊस नसल्याचं कुणाला काही नव्हतं. धाबं जसंच्या तसं. शेजारची माणसं वर येऊन टाच आपटून जायची. आमचंही करून द्या म्हणायची. आबा म्हणायचे, पुढल्या साली बघू. अंगात तरुणपण आल्यासारखे ते गावभर लंगडत फिरायचे. शिडी त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकली. ठेवायची कशाला, म्हणाले, अडगळ.

पुढच्या साली चांगला पाऊस लागला. आषाढात मी गेले तर आबा पार तिरसट झालेले. धाब्यावर पांढरी पावडर फुटून आली होती, भिंतीला लोणा लागतो तशी. शेजारच्या धाब्यावरून सरकत येऊन ते रोज झाडून काढत आणि रोज ती येत होती. काही ठिकाणी थर पापडासारखा फुगला होता. दाबला की खाली पोकळ आणि फुगा फोडला की आत ओला भुगा. आबांनी सिमेंटचं पाणी करून वरून ओतलं. त्यानं आठवडाभर बरं दिसलं, मग त्याच्या शेजारी दुसरे फुगे आले.

शेवटी त्यांनीच कडेची दोन ढेकळं काढून माझ्या पिशवीत टाकली.

"ले जाय. तुना सरले दाखाड."

त्यांच्या बोलण्यात अजून ऐट होती. कुणा शिकलेल्या माणसानं हे काम बघावं आणि वाहवा करावी, असं त्यांच्या मनात होतं.

आमचे सर भले होते. त्यांनी ढेकळांतून सारखे तुकडे कापून घेतले. काही आम्ही वाळवून ठेवले, काही बादलीत बुडवले. वाळलेला तुकडा यंत्रात घातला तेव्हा काटा चढतच गेला. सर म्हणाले, कुणी केलंय हे, चांगलं केलंय. मला वाटलं आत्ताच्या आत्ता एसटी पकडावी आणि आबांना सांगावं. बादलीतल्या तुकड्यांकडे माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ते सुजले होते. कडा सुटून तळाशी गाळ बसला होता. आणखी काही दिवसांनी मी एक उचलायला गेले तर तो माझ्या बोटांतून गळून गेला. त्याला यंत्रात घालायची वेळच आली नाही.

सरांनी मला समोर बसवून सांगितलं. साध्या मातीत सिमेंट घातलं तर तीही भिजल्यावर काही जोर गमावते, पण उभी राहते. खारीची गोष्ट निराळी. तिच्यात क्षार आहेत. पाणी मिळालं की ते क्षार आणि सिमेंट मिळून आतल्या आत फुगायला लागतात आणि धरलेला थर आतूनच फोडतात. कोरडं आहे तोवर दगड, ओल लागली की पीठ. आणि खारी आपण होऊन फटी बुजवते तो गुणही आता तिच्यात उरला नाही, सिमेंटनं तो मारला.

"मग काय करायचं सर?"

"काढून टाकायला सांगा. पावसाच्या आत."

पाऊस तर खिडकीबाहेर पडतच होता. त्यांच्या ते नंतर लक्षात आलं. त्या दिवशी मला ती लॅब, ती बादली, सगळं भिरकावून द्यावंसं वाटलं. कळून उपयोग काय, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला आणि अजून पडतो.

मी जाऊन आबांना सगळं सांगितलं. जेवढं सोपं करता येईल तेवढं केलं. ते ऐकत होते आणि अंगठ्यानं तळहातावरची तंबाखू मळत होते. मळून झाली तरी मळत राहिले.

"मनं हातनं काम शे," ते म्हणाले. "बादलीमा बुडाडीसन काय समजस?"

पण त्यांना पटलं होतं. नसतं पटलं तर ते रागावले असते. काढायचं म्हटलं तरी ते काढण्यासारखं राहिलं नव्हतं. तो थर खालच्या चिखलाला धरून बसला होता. टिकाव मारला की हादरा थेट लाकडांना, आणि खाली पऱ्हाट्या केव्हाच्या कुजायला लागलेल्या. वर नवी खारी टाकून बघू म्हणून आबा शेजाऱ्याकडे गेले आणि दिलेली शिडी परत मागितली. शेजाऱ्यानं ती स्वतः आणून पोचवली. गावातलं कुणीच काही बोललं नाही. चार टोमणे मारले असते तर आबांनी शिव्या दिल्या असत्या आणि मन मोकळं झालं असतं. नवी खारी टाकली, पण त्या फुगलेल्या, भुसभुशीत थरावर ती धरेना. एका सरीत पन्हाळीतून खाली आली आणि अंगणात पांढरा चिखल झाला.

मग ओल आत आली. आधी कोपऱ्यात, मग चुलीवर. एके सकाळी माय भाकरीचं पीठ मळत होती आणि वरून ओला गोळा सुटून परातीत पडला. मी तिथंच होते. तिनं वर बघितलं नाही. परात उचलून बाहेर नेली, पीठ बकरीपुढे टाकलं, परात धुतली आणि पुन्हा पीठ घेऊन मळायला बसली. भाकरी झाल्यावर म्हणाली, भाऊले बोलाव.

भाऊ जीप घेऊन आला. तिनं एक बोचकं बांधलं, एकच. बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवलं. भांडी उपडी घातली, बकरी शेजारी दिली.

"दिवाळीले परत येसूत," ती आबांना म्हणाली. आबा "हा" म्हणाले.

भाऊची जागा धुळ्यात, देवपुराकडे, एका चाळीच्या वरच्या मजल्यावर होती. आबा अधूनमधून एसटीनं गावाकडे जाऊन यायचे. आले की माय विचारायची.

"धाबं कसं शे?"

"कोरडं शे बठ्ठं."

भादव्यात ते धाबं बसलं. झड लागली होती. मोठी तुळई मधोमध मोडली आणि सगळं मधल्या खोलीत आलं, वरून भिंती उघड्या पडल्यावर त्याही विरघळल्या. आबा दुसऱ्या दिवशी पोचले. भाऊनं मला हे दिवाळीच्या आधी सांगितलं, चाळीच्या जिन्यात, हळू आवाजात. मायला सांगायचं नाही असं आबांनी बजावलं होतं. हवापालट व्हावा, तिची तब्येत जरा सुधारावी, मग बघू. घरात पाऊल टाकताना मला आबांचा आणि भाऊचा, दोघांचाही भयंकर राग आला होता.

आत माय बोचकं बांधत होती. मी जवळ बसले. लुगड्याची घडी घालता घालता तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं.

"माले माहीत शे."

पोळ्याच्या सुमाराला ती गोधडी काढायला आबांच्या खाटेखाली वाकली होती. तिथं त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत, थापी आणि ओळंब्याखाली, फडक्यात गुंडाळलेलं पाळण्याचं कडं होतं. ती एवढंच म्हणाली आणि मला पुढचं सांगायची गरज नव्हती. छप्पर उघडल्याशिवाय ते कडं निघणार नाही, हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं. पण मी मनाशी हिशेब करत होते की पोळा तर भादव्याच्या तोंडावर येतो, धाबं नंतर बसलं. मायचं नाव न काढता, तुळई कशी मोडली एवढंच आबांना विचारलं, तेव्हा कळलं. श्रावणातच तुळईला चीर गेलेली त्यांना दिसली होती. कड्याच्या वरची जागा भिजून लिबलिबीत झाली होती, हातानं उकरली तरी उघडली. त्यांनी स्वतः कडं काढून आणलं आणि घर सोडून दिलं. म्हणजे पडायच्या आधीच त्यांना ठाऊक होतं आणि मायलाही.

"तेस्ले सांगू नको," माय म्हणाली होती.

मग बोचकं का बांधतेस, असं मी विचारलं. ती म्हणाली, बांधलं नाही तर त्यांना कळेल की मला कळलंय.

दिवाळी झाली. बोचकं तयार होतं आणि आबा खिडकीशी तोंड फिरवून बसले होते. तेव्हा मायच म्हणाली, "थंडी सरू दे, मंग जाऊत." आबांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला पाठमोरंही दिसलं. संक्रांत झाली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते. होळी झाली तेव्हा उन्हं फार होती. दर वेळी सबब तिनंच काढली, आबांवर कधी ती वेळ येऊ दिली नाही. आखाजीला मी धुळ्याला गेले. झोका कुठं बांधणार. तिनं खापरावरचे मांडे बाजारातून आणवले, आम्ही दार लावून खाल्ले. विचारलं नाही तर त्यांना कळेल म्हणून तिनं आबांना विचारलंच, आता पाऊस तोंडावर आला, धाबं कसं शे. कोरडं शे, ते म्हणाले. मला वाटलं ओरडावं आणि दोघांनाही गप्प करावं. मी मांडे खात राहिले.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. फार दुखणं नव्हतं. खाणं कमी होत गेलं, बोलणं त्याआधीच कमी झालं होतं. डॉक्टरांना नाव देता आलं नाही आणि आम्हांला नावाची गरज नव्हती. शेवटच्या दिवसांत बाहेर सर आली की ती नजर वर करायची, भाऊच्या चाळीच्या स्लॅबकडे, आणि आबा न विचारताच म्हणायचे, कोरडं शे. ती म्हणायची, बरं.

आबा त्यानंतर बरीच वर्षं होते. नव्वद साल उलटून गेलं, धुळ्यात चहूकडे बांधकामं निघाली, खालच्या गल्लीत दिवसभर मिक्सर फिरायचा. ते खिडकी लावून घ्यायचे. एकदा मी जळगावहून गेले असताना, दिवसाढवळ्या, चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं. किती दिवस ते मनात घोळवत होते कोण जाणे.

"तिले कळनं व्हतं का?"

लॅबमध्ये मी कधी खोटा आकडा लिहिला नाही. कोरडा तुकडा तो कोरडा, भिजलेला तो भिजलेला.

"नही, आबा," मी म्हटलं.

त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला.

"बरं व्हयनं," म्हणाले, आणि कप मला दिला.